साधनाचे निर्णय आणि कलेची नवता

कलेतील नवतेची चर्चा मराठी समीक्षेत बहुधा आशय आणि अभिव्यक्ती या दोन संज्ञांच्या आधारे होत आली आहे. नवा अनुभव आला म्हणजे त्याला नवे रूप लागते, हा त्या चर्चेत गृहीत धरलेला क्रम होय. बा. सी. मर्ढेकरांनी तीत 'माध्यम' या तिसऱ्या संज्ञेला मध्यवर्ती स्थान दिले. प्रत्येक कलेचे माध्यम नेमके कोणते, हा प्रश्न त्यांनी नेटाने विचारला आणि साहित्याचे माध्यम शब्द नसून भावनात्मक अर्थ होय, असे त्याचे उत्तर दिले. ते उत्तर कोणाला पटो वा न पटो, प्रश्नाचे मोल त्यामुळे उणावत नाही. तथापि माध्यमाहून निराळी आणि पुष्कळच ऐहिक अशी एक गोष्ट या विवेचनाच्या कडेलाच राहिली. ती म्हणजे साधन. संगीताचे माध्यम स्वर, हे मान्य केले तरी तो स्वर कोठून तरी निघावा लागतो : गळ्यातून, तारेतून, भात्याच्या हवेतून, तबकडीच्या खाचेतून किंवा संगणकाने मांडलेल्या अंकांतून. मर्ढेकर स्वतः नभोवाणीच्या सेवेत होते, त्यांनी संगीतिका लिहिल्या. हे ध्यानात घेता साधनाचा विचार त्यांच्याकडून अधिक व्हावयास हवा होता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

साधनाला समीक्षेत दुय्यम स्थान मिळण्याचे कारण उघड आहे. साधन म्हणजे आज्ञाधारक सेवक, कलावंत सांगेल तेवढेच ते करणार, अशी एक समजूत असते. परंतु कोणतेही साधन कोऱ्या मनाने कलेच्या दाराशी येत नाही. ते घडविणाऱ्याने काही गोष्टी आधीच ठरवून टाकलेल्या असतात : स्वर किती, ते कोठे असावयाचे, एका स्वरावरून दुसऱ्यावर कसे जावयाचे, रचना किती वेळ चालावयाची. हे निर्णय साधनाच्या लाकडात आणि धातूत मुरलेले असल्यामुळे ते निर्णय आहेत, हेच कोणाच्या लक्षात येत नाही. एखाद्या कलेत नवे साधन आल्यावर तेथे नवता निर्माण झाली की केवळ सोय झाली, हे ओळखावयाचे तर या मुक्या निर्णयांचे कलावंताने काय केले, ते पाहिले पाहिजे. हिंदुस्थानी संगीताच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात याची जितकी ठसठशीत उदाहरणे सापडतात तितकी अन्य कलांत क्वचितच सापडतील.

त्यांतील पहिले आणि सर्वांत बोलके उदाहरण हार्मोनियमचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपात तयार झालेले हे वाद्य मिशनऱ्यांबरोबर आणि इंग्रज अंमलदारांबरोबर भारतात आले. त्याचा भाता मूळचा पायाने चालविण्याचा होता. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या गायकाला तो गैरसोयीचा. म्हणून एका हाताने भाता हलवून दुसऱ्या हाताने वाजविता येईल अशी पेटी कलकत्त्यात तयार होऊ लागली. द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन या पेढीचे नाव या संदर्भात घेतले जाते. या फेरफाराने वाद्याची बैठक बदलली, स्वर मात्र बदलले नाहीत. सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसविलेल्या बारा पट्ट्या तशाच राहिल्या. या समान विभागणीत लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराला शंभर सेंट मानतात. त्या मापाने षड्जाशी नैसर्गिक संवाद साधणारा शुद्ध गंधार सुमारे ३८६ सेंटांवर येतो. पेटीची पट्टी मात्र ४०० वर आहे. पंचमाच्या बाबतीत हा फरक जेमतेम दोन सेंटांचा असल्यामुळे तो कानाला जाणवत नाही. गंधाराचा चौदा सेंटांचा फरक तानपुऱ्याच्या सान्निध्यात चांगलाच बोचतो. युरोपने ही तडजोड जाणूनबुजून पत्करली, कारण त्याला एका षड्जावरून दुसऱ्या षड्जावर मुक्तपणे जावयाचे होते आणि अनेक स्वर एकाच वेळी वाजवावयाचे होते. भारतीय गायकाचा षड्ज मैफल संपेपर्यंत हलत नाही. म्हणजे ज्या लाभासाठी युरोपने ही किंमत मोजली तो लाभ येथे कोणी मागितलेलाच नव्हता. किंमत तेवढी मोजावी लागली.

याहून गंभीर बाब मींडेची. रागसंगीतात स्वर हा एक बिंदू असतो, ही कल्पनाच अपुरी आहे. एका स्वरातून दुसऱ्यात जाण्याची वाट, त्या वाटेवर घेतलेले कण, एखाद्या स्वराचे आंदोलन यांवर रागाचे रूप अवलंबून असते. पेटीची पट्टी एक तर दाबलेली असते किंवा नसते; दोन पट्ट्यांमध्ये वाटच नाही.

इतके असूनही पेटी घराघरात, नाटकगृहात आणि मैफलीत शिरली. याला केवळ अभिरुचीचा ऱ्हास म्हणणे अन्यायाचे होईल. सारंगी हे गळ्याच्या सर्वांत निकटचे वाद्य. पण ती शिकावयास आयुष्य लागते, तिच्या तीसएक तरफा प्रत्येक वेळी जुळवाव्या लागतात, आणि शिवाय तिचे नाते कोठ्यावरच्या गाण्याशी जोडलेले असल्यामुळे नव्या मध्यमवर्गाला ती घरात नको होती. पेटीला असा पूर्वेतिहास नव्हता. संगीत शिकू पाहणाऱ्या घरंदाज मुलीपुढे पेटी ठेवता येत होती, सारंगी ठेवता येत नव्हती. साधनाचा स्वीकार केवळ नादाच्या कसोटीवर होत नसतो, हे येथे दिसते. मराठी रंगभूमीला तर हे वाद्य मानवलेच. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने ज्या संगीत नाटकाची परंपरा सुरू केली तिच्यात पुढे ऑर्गनने मानाचे आसन मिळविले. मोठे नाट्यगृह, ध्वनिवर्धकाचा अभाव आणि गावोगावचा प्रवास, या परिस्थितीत दणदणीत भरणा देणारे आणि सहसा न उतरणारे वाद्य हवेच होते.

पेटीच्या विरोधकांमध्ये जी एकजूट झाली ती मोठी विलक्षण होती. आनंद कुमारस्वामींसारखे कलाविचारक, रवींद्रनाथ ठाकूर यांच्यासारखे कवी, आणि नभोवाणीवरील पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फूल्ड्स यांच्यासारखे इंग्रज संगीतकार या एका प्रश्नावर एकाच बाजूला उभे होते. अखेरीस लायोनेल फील्डन नियंत्रक असताना १९४० च्या मार्चपासून हार्मोनियम नभोवाणीवरून हद्दपार झाली. स्वातंत्र्यानंतरही ती बंदी टिकली. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री असलेल्या बा. वि. केसकरांनीही ती उठविली नाही. चित्रपटसंगीताबाबतच्या त्यांच्या धोरणाचा परिणाम असा झाला की, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. हार्मोनियमच्या बाबतीत श्रोत्यांना कोठेही वळण्याची गरज पडली नाही, कारण नभोवाणीच्या दाराबाहेर पडताच प्रत्येक मैफलीत ती हजर होती. १९७१ मध्ये बंदी अंशतः शिथिल झाली आणि साथीचे वाद्य म्हणून तिला प्रवेश मिळाला. स्वतंत्र वादनाला त्यानंतरही दीर्घकाळ मज्जाव होता.

ही बंदी का फसली, हे तपासताना तिच्याआधीच्या एका प्रयोगाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. विसाव्या शतकाच्या आरंभी निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींच्या प्रश्नावर मोठ्या चिकाटीने काम केले. १९१० मध्ये त्यांचा इंग्रजी प्रबंध प्रसिद्ध झाला. अर्नेस्ट क्लेमंट्स हे सनदी नोकरीतील इंग्रज न्यायाधीश त्यांचे सहकारी होते, आणि अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य त्यांना लाभले. या खटाटोपातून सप्तकात बारांऐवजी बावीस स्वर देणारी श्रुति-हार्मोनियम तयार झाली. बडोद्यास १९१६ मध्ये भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिचे प्रात्यक्षिक झाले आणि तिच्यावरून कडाक्याचा वादही झाला. विष्णु नारायण भातखंडे या मांडणीशी सहमत नव्हते. त्या वादाचा तपशील येथे उगाळण्याचे कारण नाही. देवल आणि क्लेमंट्स यांनी साधनाचा पहिला निर्णय, म्हणजे स्वर बारा हा, अचूक पकडला आणि मोठ्या कौशल्याने बदलला. दुसरा निर्णय, म्हणजे स्वर हा स्थिर बिंदू आहे हा, त्यांनी जसाच्या तसा राहू दिला. बाराच्या जागी बावीस बिंदू आल्याने दोन बिंदूंमधील दरी अरुंद झाली खरी, परंतु ती भरून निघाली नाही. इतका विद्वत्तापूर्ण प्रयत्न मैफलीच्या मुख्य प्रवाहात का मुरला नाही, याचे एक उत्तर येथे मिळते.

ज्यांनी तो दुसरा निर्णय ओळखला ते शास्त्रकार नव्हते. ते साथीदार होते. गोविंदराव टेंबे यांनी भास्करबुवा बखल्यांच्या सहवासात पेटीवर रागसंगीत रुजविण्याचा जो उद्योग केला त्याचे मर्म वाद्य बदलण्यात नव्हते. गायकाच्या मींडेचा पाठलाग पेटी करू शकत नाही, हे स्वीकारून तिने कोठे बोलावे आणि कोठे गप्प राहावे याची एक मर्यादा पेटीवादकांनी हळूहळू घालून घेतली. आंदोलित स्वरावर बोट ठेवावयाचे नाही. गायक तेथे असता षड्ज-पंचमाचा भरणा तेवढा धरावयाचा. मींडेच्या दोन टोकांमध्ये जलद कणस्वर असे पेरावयाचे की, कानाने वाटेची कल्पना करून घ्यावी. भात्याचा दाब कमीजास्त करून स्वराला उठाव आणि उतार द्यावयाचा. आपल्या गायकाचा षड्ज ज्या पट्टीवर, त्या पट्टीच्या अंगाने पेटी नैसर्गिक स्वरांत लावून घ्यावयाची, म्हणजे तिचे युरोपीय समत्व मोडून तिला एकाच षड्जाची बांधील करावयाची. हे सारे कारागिरीचे, थोडेसे चोरटेच उपाय होत. परंतु पी. मधुकर, आप्पा जळगावकर आणि तुळशीदास बोरकर यांच्यापर्यंत आलेली वादनाची शैली याच उपायांतून घडली. वाद्यावर बंदी घालणाऱ्यांना वाद्य आणि त्यातला निर्णय हे दोन वेगळे करता आले नाहीत. साथीदारांनी ते बोटांनी वेगळे केले.

दक्षिणेत याच सुमारास, किंबहुना त्याच्याही आधी, एक दुसरे युरोपीय वाद्य संगीतात आले आणि त्याच्याविरुद्ध फारशी ओरड झाली नाही. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षितर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी व्हायोलिन कर्नाटक संगीतात आणले, असे मानले जाते. व्हायोलिनला पडदे नसतात, म्हणून मींड तिच्यात जन्मजातच शक्य होती. स्वागत सोपे होण्याचे हे कारण उघड आहे. परंतु सोय उपलब्ध असणे वेगळे आणि ती हाताशी येणे वेगळे. हनुवटीखाली धरलेल्या व्हायोलिनवर डावा हात वाद्य सांभाळण्यातही थोडा गुंतलेला असतो. कर्नाटक वादकाने वाद्य छाती आणि पाऊल यांच्या दरम्यान टेकवून ते भार वाहण्याचे काम शरीराकडे सोपविले. डावा हात तारेवर वरखाली घसरण्यास पूर्ण मोकळा झाला. तारा षड्ज-पंचम, षड्ज-पंचम अशा लावल्या, म्हणजे युरोपीय जुळणीचा हेतूच बदलला. वाद्याच्या लाकडाला हातही न लावता केवळ बसण्याच्या आणि जुळविण्याच्या पद्धतीने ते दुसरे वाद्य झाले.

संतूरची कथा याच्या नेमकी उलट. काश्मीरच्या सूफियाना मौसिकीतील हे शततंत्री वाद्य शिवकुमार शर्मा यांनी १९५५ मध्ये मुंबईच्या रंगमंचावर आणले तेव्हा त्यावर जो आक्षेप आला तो हार्मोनियमवरील आक्षेपाचाच सख्खा भाऊ होता : कलमेच्या आघाताने वाजणाऱ्या वाद्यात मींड कोठली? शर्मांनी त्यानंतर वर्षानुवर्षे वाद्यात फेरफार केले. तारांची संख्या आणि मांडणी बदलली, लाकडी घोडी काढून वाद्य मांडीवर घेतले, आणि कलम तारेवर हलकेच घसरवून आघातांमधील तुटकपणा झाकण्याचे तंत्र बसविले. तरीही संतूरवर सतारीसारखी मींड येते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. या वादकाने दुहेरी मार्ग धरला : साधनाचा जो निर्णय बदलता आला तो बदलला, आणि जो बदलता आला नाही त्याभोवती, म्हणजे सुट्या थेंबांसारख्या आघातांच्या लयकारीभोवती, स्वतःची शैली उभी केली.

येथपर्यंतची उदाहरणे स्वरस्थानाची झाली. ध्वनिमुद्रणाने निर्णय केला तो काळाविषयी. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड गाइसबर्ग याने कलकत्त्यात गौहर जान हिचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकडीवर सुमारे तीन मिनिटे मावत, आणि गायन संपताच स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारण्याची जी पद्धत तिने पाळली तीही जर्मनीत तबकड्या तयार करणाऱ्यांना ओळख पटावी म्हणून, असे सांगतात. तास-दीड तास उलगडणारा ख्याल तीन मिनिटांत मावणे अशक्य, असे म्हणून मोकळे होता आले असते. काही गवई तसे म्हणालेही असतील. परंतु ज्यांनी ही मर्यादा मनावर घेतली त्यांनी ख्यालाचा सारांश गायिला नाही. सारांश हा नेहमी निर्जीव असतो. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी किंवा केसरबाई केरकर यांची भैरवी ऐकताना कशाची तरी काटछाट झाली आहे, असे वाटत नाही. पहिल्या स्वरातच वातावरण उभे करणे, बढतीच्या पायऱ्या गाळून थेट रागाच्या गाभ्याशी जाणे, शेवट कापला न जाता मिटला जाणे, हे या गाण्याचे स्वतंत्र विशेष आहेत. महाकाव्य लहान केल्याने भावकविता होत नाही. तिची बांधणीच निराळी असते. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाईंची ती साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर अवकाशयानांबरोबर पाठविण्यात आली. त्याच सप्टेंबरच्या १६ तारखेला केसरबाई निवर्तल्या. पृथ्वीचे संगीत निवडणाऱ्यांना ती सोयीची वाटली असेल, तर त्या सोयीमागे पूर्वीच्या तबकडीने घातलेली वेळेची अट होती, हे विसरता येत नाही.

मराठी साहित्याच्या दृष्टीने या तीन मिनिटांचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता १९३० नंतरच्या दशकात जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली आणि लोकप्रिय झाली. कवितेच्या शब्दांना मान देणारी, तानबाजीने त्यांना न झाकणारी, एका भाववृत्तीत पूर्ण होणारी अशी भावगीत नावाची जी गायनपद्धती मराठीत रूढ झाली, तिचा आकार तबकडीच्या आकाराशी तंतोतंत जुळतो. कवितेने गाण्याला सामावून घेतले की तबकडीने कवितेला, याचा निवाडा करणे कठीण आहे. नभोवाणीने असाच एक निर्णय पुढे केला : आठवड्याच्या अंतराने येणारा श्रोता. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून वर्षभर प्रसारित झाले, गीते ५६. कथा सलग, परंतु ती ऐकणाऱ्याला मागच्या आठवड्याचे सारे आठवत असेलच असे नाही. म्हणून प्रत्येक गीत एका पात्राच्या तोंडी, एका प्रसंगात पूर्ण. कीर्तनातील आख्यानाहून आणि ग्रंथातील सर्गाहून ही रचना निराळी झाली. गंमत अशी की, ज्या नभोवाणीवर हार्मोनियमला प्रवेश नव्हता तिच्यासाठी ही गीते जन्मली, आणि पुढे रंगमंचावर ती गाताना फडक्यांच्या हाती स्वतःची पेटी असे.

मुद्रणकलेतील एक समांतर घटना येथे नोंदण्याजोगी आहे, कारण ती अंकीय तंत्राच्या उंबरठ्यापर्यंत नेते. खिळे जुळविण्याच्या अडचणीमुळे देवनागरीच सुधारावी, असा आग्रह विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धरला गेला. सावरकरांनी पुरस्कारलेली 'अ'ची बाराखडी त्यातलीच. यंत्राच्या सोयीसाठी लिपीने आपले अवयव छाटावेत, असा तो विचार होता. संगणकाने खिळेच काढून टाकले आणि 'आचार्यास' व 'आचाऱ्यास' यांतील भेद राखणारा मराठीचा अर्धा रकारही पडद्यावर उमटू लागला. लिपी सुधारली नाही, यंत्र सुधारले. कलेने साधनापुढे वाकण्याची घाई करू नये, याला हा एक पुरावा म्हणता येईल. मात्र त्यावरून अंकीय साधने निर्णयरहित असतात असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल.

तानपुऱ्याचेच पाहावे. बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या, प्रवासात असणाऱ्या, तानपुरा धरावयास कोणी नसलेल्या विद्यार्थ्यावर या शोधाचे उपकार फार मोठे आहेत. त्यावर नाके मुरडणाऱ्यांनी रियाझाची व्यवस्था स्वतःपुरती पाहिलेली असते. तरी त्यातला निर्णय लक्षात घ्यावयास हवा. खऱ्या तानपुऱ्याची जवारी हवामानाप्रमाणे बदलते, तार उतरते, गायक थांबून ती लावतो. ही लावण्याची क्रिया म्हणजेच श्रुतिज्ञानाची पहिली शाळा होय. यंत्र उतरत नाही, त्यामुळे ती शाळा भरत नाही. पूर्वी शिष्य गुरूचा तानपुरा लावता लावता जे शिके ते आता त्याला मुद्दाम शिकवावे लागते.

हार्मोनियमचा मूळ निर्णय मात्र निराळ्याच वाटेने परत आला. इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी बोलावे यासाठी १९८३ मध्ये मिडी नावाची संकेतपद्धती ठरली. तिच्यात स्वरांना शून्य ते १२७ असे क्रमांक दिले आहेत; एक क्रमांक म्हणजे सामान्यतः समविभाजित सप्तकाचा एक बारावा भाग. स्वर मुरडण्याची तरतूद तिच्यात होती, पण ती एका वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदम लागू होई. दोन स्वरांपैकी एकच मुरडावयाचा तर आडमार्ग काढावा लागे. म्हणजे १९४० साली नभोवाणीच्या दारातून बाहेर काढलेली पट्टी संगणकाच्या आत बसून राहिली, आणि या वेळी तिच्याविरुद्ध कोणी पत्र लिहिले नाही, कारण ती दिसतच नव्हती. प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे मुरडण्याची सोय या पद्धतीच्या मूळ रचनेत येण्यास २०२० साल उजाडावे लागले.

या काळात ज्यांनी ही अदृश्य पट्टी चाचपून पाहिली त्यांत मुंबईचे चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. १९८२ मध्ये त्यांनी दहा राग तीन यंत्रांवर वाजविले : एक ताल देणारे, एक खर्जाची स्वरमालिका फिरविणारे, एक सुरावट वाजविणारे. खर्जाच्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. खर्जाच्या गिटारची नक्कल करता यावी, हा त्या यंत्राचा मूळ हेतू. सिंगांच्या हाती तीच घसरण रागाच्या चलनाला उपयोगी पडली. तो प्रयोग त्या वेळी कोणी मनावर घेतला नाही, आणि ते यंत्रही नक्कल साधत नाही म्हणून बाजारातून उठले. पुढे शिकागोच्या नृत्यसंगीताने १९८७ च्या सुमारास त्याच यंत्रातून तशाच नादाचा संप्रदाय उभा केला. सिंगांची तबकडी २०१० मध्ये पुनर्मुद्रित झाली तेव्हा जगाला तिचे आश्चर्य वाटले. यातील रागदर्शन सखोल आहे असा दावा करण्याचे कारण नाही. आंदोलनाचा विचार तेथे फारसा नाही आणि ताल आठमात्री चौकटीत जखडलेला आहे. तथापि यंत्राने देऊ केलेल्या शेकडो गोष्टींतून रागाला लागणारी एकच गोष्ट हुडकून काढणारी नजर खऱ्या संगीतकाराची होती.

याच्या उलट दिशेचे साधन १९९७ मध्ये आले. तेलाच्या शोधासाठी भूगर्भातून परतणाऱ्या लहरींचे पृथक्करण करण्याचे गणित जाणणारे अँडी हिल्डेब्रँड यांनी गायकाचा ढळलेला स्वर जवळच्या नियत स्वरावर आपोआप आणून ठेवणारी ऑटो-ट्यून ही आज्ञावली तयार केली. दुसऱ्याच वर्षी शेर या अमेरिकन गायिकेच्या एका गीतात ही दुरुस्ती इतकी तीव्र करण्यात आली की, आवाज पायऱ्यापायऱ्यांनी उडी मारू लागला आणि दोष हाच अलंकार झाला. तो अलंकार आवडो वा न आवडो, त्यात साधनाचा निर्णय उघड केलेला आहे; श्रोत्याला यंत्र ऐकू येते. चिंता वाटावी ती त्याच्या मंद, न ऐकू येणाऱ्या उपयोगाची. दरबारीच्या गंधारावर गायक जे आंदोलन घेतो ते या गणिताच्या दृष्टीने ढळणेच असते. दुरुस्ती सौम्यपणे लावली तरी त्या गंधाराची झोके घेण्याची कक्षा आकुंचित होते, आणि अशा मुद्रणावरच कान तयार झालेल्या विद्यार्थ्याला मूळ गंधार पुढे बेसूर वाटू लागण्याचा संभव असतो. हार्मोनियमने गायकाला मींड घेण्यापासून कधी रोखले नव्हते. तिला ती घेता येत नव्हती, एवढेच. गायकाने घेतलेली मींड नंतर पुसून टाकणारे साधन हे पहिलेच.

याच्याही पलीकडे, मुद्रणांच्या प्रचंड संग्रहातून स्वतः संगीत रचणारी यंत्रे आता आली आहेत. त्यांचा निर्णय कोणत्याही पट्टीत किंवा क्रमांकात दाखविता येत नाही. तो संग्रहात विखुरलेला असतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ख्यालगायन ज्या मुद्रणांतून उरले आहे त्यांतील बहुतेक तीन मिनिटांच्या तबकड्या आहेत. ज्यांना मुद्रणाची संधी मिळाली नाही किंवा ज्यांनी ती नाकारली, असे गवई त्या संग्रहात नाहीत. या मुद्रणांवर पोसलेले यंत्र जेव्हा त्या काळची गायकी म्हणून काही ऐकवील, तेव्हा विलंबित बढतीऐवजी तबकडीची घाईच तिच्यात अधिक उमटण्याची शक्यता आहे. तबकडीच्या गायकाला ती घाई ठाऊक होती आणि तिचे त्याने काहीतरी केले होते. यंत्राच्या दृष्टीने मात्र ती घाई म्हणजेच ख्याल.

आजच्या स्वरशोधक आज्ञावलींत सप्तकातील प्रत्येक स्वराचे स्थान सेंटांमध्ये स्वतः भरण्याची सोय मिळते. पेटीची समविभागणी नको असेल तर शुद्ध गंधारापुढे ४०० ऐवजी ३८६ लिहिता येते. देवल आणि क्लेमंट्स यांना ज्यासाठी विलायतेहून वाद्य घडवून आणावे लागले ते काम आता बोटाच्या एका दाबाने होते. दरबारीच्या गंधारापुढेही तसाच एक रिकामा चौकोन असतो, आणि त्यात एकच आकडा मावतो.